भ्रमणध्वनीची सुरक्षितता : दार बहुधा आपणच उघडतो



चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील अनेक कारखान्यांत उत्पादन विभागात मोबाइल नेण्यास मनाई असते. कामगार आपला मोबाइल लॉकरमध्ये ठेवतात, आठ तासांची पाळी पूर्ण करतात आणि मगच तो पुन्हा हाती घेतात. आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणू या. दुपारच्या पाळीस निघालेले एक गृहस्थ कंपनीच्या बसची वाट पाहत उभे आहेत. व्हॉट्सॲपवरील एका गटात त्यांच्या परिचयाच्या व्यक्तीच्या नावाने एक फाइल येते. तिचे नाव असते 'आरटीओ चलन'. आपल्या दुचाकीवर दंड लागला की काय, या शंकेने ते ती फाइल उघडतात. मोबाइल दोन-तीन प्रश्न विचारतो, ते प्रत्येक वेळी 'होय' म्हणून पुढे जातात. मग वाहनाचा क्रमांक, बँकेच्या कार्डाचा क्रमांक आणि पिन मागणारे एक पान उघडते. माहिती भरल्यावर 'सर्व्हर व्यस्त आहे' एवढेच उत्तर मिळते. तेवढ्यात बस येते आणि मोबाइल आधी खिशात व नंतर लॉकरमध्ये जातो.

रात्री पाळी संपल्यावर लॉकर उघडतो तेव्हा खात्यातील रक्कम गेलेली असते. बँकेचा एकही संदेश मोबाइलमध्ये दिसत नाही. शिवाय तीच फाइल त्यांच्या नावाने त्यांच्या सर्व गटांत व नातलगांकडे जाऊन पोहोचलेली असते. ज्यांच्या नावाने ती त्यांच्याकडे आली होती, त्या परिचितांनाही आपल्या मोबाइलवरून काही पाठवले गेल्याचा पत्ता नसतो.

हा प्रसंग आम्ही समजावून सांगण्यासाठी रचला आहे, परंतु त्यातील प्रत्येक पायरी आजच्या फसवणुकीत प्रत्यक्ष वापरली जाते. पिंपरी, चिंचवड, भोसरी, निगडी, चाकण या पट्ट्यात आपल्यापैकी बहुतेकांचा पगार बँकेत जमा होतो आणि त्याचा व्यवहार मोबाइलवर चालतो. म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. सामान्य माणसाच्या मोबाइलमध्ये चोर सहसा कुलूप फोडून शिरत नाही. त्याला आत येण्यासाठी आपली संमती लागते आणि ती तो आपल्याकडून गोड बोलून, घाबरवून किंवा ओळखीच्या माणसाच्या आडून मिळवतो. ही संमती नेमकी कोठे आणि कोणत्या शब्दांत मागितली जाते, हे एकदा समजले की बचावाचा मोठा भाग साध्य होतो.

थोडी पार्श्वभूमी

संगणकास वा मोबाइलला अपाय करण्यासाठी, अथवा मालकाच्या नकळत त्यातील माहिती पळविण्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामला 'मालवेअर' असे म्हणतात. ज्याला आपण सरसकट 'व्हायरस' म्हणतो, तो त्याचाच एक प्रकार होय. या विषयाशी पुण्याचे नाते जुने आहे. कॅल्क्युलेटर आणि तत्सम यंत्रे दुरुस्त करण्याच्या व्यवसायातून पुढे आलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी १९९०च्या दशकात पुण्यातच संगणकातील व्हायरस काढून टाकणारे 'क्विक हील' हे सॉफ्टवेअर तयार केले. ती कंपनी २०१६ साली शेअर बाजारात नोंदविली गेली. त्या काळी व्हायरस फ्लॉपीमधून पसरत असे आणि बहुधा फाइली नष्ट करून थांबत असे.

मोबाइलमधील पहिला प्रसिद्ध मालवेअर २००४ साली आढळला. 'कॅबिर' नावाचा तो प्रोग्राम सिंबियन प्रणालीच्या मोबाइलमध्ये ब्लूटूथद्वारे पसरत असे. त्याची एक गोष्ट आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे. समोरच्या माणसाने 'फाइल स्वीकारा' या प्रश्नास होकार दिला, तरच तो त्याच्या मोबाइलमध्ये शिरू शके. म्हणजे वीस वर्षांपूर्वीही दार उघडणारे बोट मालकाचेच होते.

त्यानंतर परिस्थिती पालटली ती मोबाइलमध्ये पैसा आल्यामुळे. २०१६ साली यूपीआय ही देयक व्यवस्था सुरू झाली आणि भाजीवाल्यापासून रिक्षाचालकापर्यंत सर्वांकडे मोबाइलवरून पैसे देता येऊ लागले. बँकेचे ॲप, व्यवहाराला मान्यता देणारा ओटीपी, आधार व पॅन कार्डाची छायाचित्रे, सर्व नातलगांचे क्रमांक, हे सारे एकाच यंत्रात एकवटले. पूर्वी पाकीटमाराला खिशातील रोख रक्कमच मिळे. आज मोबाइलचा ताबा मिळवणाऱ्याला घरातील कपाटाची किल्लीच मिळते.

आपल्या परिसराने पाहिलेले दोन हल्ले

मालवेअर ही दूरदेशीची गोष्ट आहे, असा समज पुणे जिल्ह्यात तरी कोणी बाळगू नये. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरवून ९४ कोटी ४२ लाख रुपये पळविण्यात आले. त्यातील मोठा भाग बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून काढला गेला. या प्रकरणी २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. पुढे २०२१च्या प्रारंभी पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर 'रॅन्समवेअर'चा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे माहितीला कुलूप घालून ते उघडण्यासाठी खंडणी मागणारा मालवेअर. या प्रकरणात खंडणी बिटकॉइनमध्ये मागण्यात आली होती आणि तक्रार निगडी पोलीस ठाण्यात नोंदविली गेली.

अशा संस्थांकडे तज्ज्ञ असतात, सुरक्षेची साधने असतात, आणि त्यांत शिरण्यासाठी चोरांना पुष्कळ खटाटोप करावा लागतो. आपल्या घरातील मोबाइलसाठी एवढे श्रम कोणी घेत नाही. तेथे एक फाइल हजारो लोकांना पाठविली जाते आणि त्यांतून जे थोडे 'होय' म्हणतात, त्यांच्यावर चोरांचा धंदा चालतो. ही बाब चिंतेची असली तरी दिलासादायकही आहे, कारण 'नाही' म्हणणे आपल्या हाती आहे.

फाइल आत कशी येते?

अँड्रॉइड मोबाइलमध्ये ॲप बसविण्याचा सरळ मार्ग म्हणजे 'प्ले स्टोअर' हे अधिकृत दुकान. परंतु ॲपची फाइल अन्य मार्गानेही पाठविता येते. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरे असतात. सध्याच्या फसवणुकीचे हे प्रमुख हत्यार आहे. तिच्यावर चढविलेले वेश मात्र अनेक आहेत :

• वाहनाचे ई-चलन वा आरटीओची नोटीस
• लग्नाची निमंत्रणपत्रिका
• 'आज रात्री वीज तोडली जाईल' असा इशारा व बिल भरण्याचे ॲप
• बँकेचे केवायसी, किंवा 'रिवॉर्ड पॉइंट आज संपतील' असा संदेश
• शेतकऱ्यांच्या अनुदानाची यादी
• प्राप्तिकराचा परतावा

यांतील शेवटच्या प्रकाराबाबत केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने सप्टेंबर २०२१ मध्येच सावध केले होते. 'ड्रिनिक' नावाचा मालवेअर प्राप्तिकर खात्याच्या ॲपचे सोंग घेऊन २७हून अधिक बँकांच्या ग्राहकांना लक्ष्य करीत असल्याचे तिने कळविले होते.

या सर्व वेशांत दोन भावनांपैकी एक हेरलेली असते : भीती अथवा आपुलकी. वीज जाईल, खाते बंद होईल, दंड वाढेल, ही भीती झाली. लग्नपत्रिका ही आपुलकी झाली. पत्रिका न उघडणे म्हणजे समोरच्याचा अवमान, असे आपल्याला वाटते, आणि तीच भावना चोर वापरतो.

म्हणून एक साधी कसोटी घरातील प्रत्येकाने पाठ करावी. लग्नपत्रिका, छायाचित्र, पीडीएफ किंवा चलनाची प्रत ही पाहण्याची वस्तू आहे. ती उघडते, तिला 'इन्स्टॉल' करावे लागत नाही. ज्या क्षणी मोबाइल 'इन्स्टॉल करायचे का?' असे विचारतो, त्या क्षणी समोर पत्रिका नसून पत्रिकेचे नाव घेतलेला प्रोग्राम आहे, हे निश्चित समजावे आणि तेथेच थांबावे. पाठविणारी व्यक्ती आपला सख्खा भाऊ असली तरी थांबावे. त्याला फोन करून, 'दादा, तू काही पाठविले आहेस का?' असे विचारावे. ही विचारपूस गटात संदेश टाकून करू नये. मोबाइल चोरांच्या ताब्यात असेल, तर उत्तरही चोरच देतील.

खऱ्या गोष्टींची पडताळणी करणेही कठीण नाही. वाहनावर दंड आहे किंवा नाही, हे केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक टाकून स्वतः पाहता येते. विजेच्या बिलाची थकबाकी महावितरणच्या संकेतस्थळावर अथवा अधिकृत ॲपवर दिसते. वीज तोडण्याच्या धमक्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावरून येत असतील, तर त्या खोट्या आहेत, असे महावितरणने वेळोवेळी जाहीर केले आहे. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. त्यामुळे बँकेच्या नावाने आलेल्या दुव्याच्या पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय ठेवावी. संदेशातील दुव्यावरून आत जाण्यापेक्षा पत्ता स्वतः लिहून जाणे केव्हाही श्रेयस्कर.

परवानगी म्हणजे काय?

आपल्यापैकी जे कारखान्यात काम करतात, त्यांना गेटपासची पद्धत परिचित आहे. रंगकामास आलेल्या ठेकेदाराच्या माणसास रंगविभागाचाच पास मिळतो. तो वेतन विभागाची किल्ली मागू लागला, तर सुरक्षारक्षक त्याला फाटकाबाहेर काढतो. मोबाइलमधील 'परवानगी' म्हणजे असाच पास होय, आणि तेथील सुरक्षारक्षक आपण स्वतः आहोत. चोरांचे ॲप सामान्यतः पुढील पास मागते.

पहिला पास अज्ञात स्रोताचा. 'या स्रोताकडून ॲप इन्स्टॉल करण्यास अनुमती द्या' अशा आशयाचा प्रश्न येतो. येथे व्हॉट्सॲप किंवा ब्राउझर यांच्याद्वारे आलेले ॲप बसवू द्यावे का, असे मोबाइल विचारत असतो. हे बाह्य फाटक आहे. येथे नकार दिला, तर पुढील प्रश्नच उद्भवत नाहीत.

दुसरा पास संदेशांचा. ॲपला एसएमएस वाचण्याची मुभा मिळाली, की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराकडे पोहोचतो. काही ॲप 'मला संदेशांचे मुख्य ॲप करा' असेही विचारतात. तसे केले तर बँकेचे संदेश लपविणे व आपल्या क्रमांकावरून संदेश पाठविणे दोन्ही त्यांना साधते. वरील प्रसंगात बँकेचा संदेश का दिसला नाही, याचे उत्तर येथे आहे.

तिसरा पास सूचनांचा, म्हणजे नोटिफिकेशन वाचण्याचा. पडद्याच्या वरच्या भागात क्षणभर चमकणारा ओटीपीही त्यातून वाचता येतो.

चौथा आणि सर्वांत धोकादायक पास 'ॲक्सेसिबिलिटी'चा. ही सोय दृष्टिहीन व अपंग व्यक्तींना मोबाइल वापरता यावा, या सद्हेतूने निर्माण झाली आहे. पडद्यावरील मजकूर वाचणे व वापरणाऱ्याच्या वतीने बटणे दाबणे, ही कामे तीत होतात. हाच अधिकार चोरांच्या ॲपला मिळाला, तर ते आपण टाइप केलेले टिपू शकते आणि उरलेल्या परवानग्या स्वतःच स्वतःला देऊ शकते. पत्रिका, चलन, वीजबिल वा कर्ज यांच्या ॲपला हा अधिकार लागण्याचे काहीही कारण नाही.

याशिवाय 'डिव्हाइस ॲडमिन' हा अधिकार मिळवून काही ॲप स्वतःस काढून टाकू देत नाहीत, तर काही आपले चिन्हच पडद्यावरून नाहीसे करतात. 'ॲप उघडले नाही, मग निघूनही गेले' असे कोणी सांगितले, तर ते गेले नसून लपले आहे, असे धरून चालावे.

अधिकृत दुकानातील धोका : झटपट कर्जाची ॲप

प्ले स्टोअरवरून घेतलेले ॲप तुलनेने सुरक्षित असते, परंतु पूर्णतः निर्धोक नसते. याचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे झटपट कर्ज देणारी ॲप. कंत्राटी कामगाराचा पगार लांबतो, खोलीचे भाडे व मुलांचे शुल्क थांबत नाही, आणि अशा वेळी पाच मिनिटांत पाच हजार रुपये देणारे ॲप देवदूतासारखे भासते. ते केवळ 'संपर्क' आणि 'छायाचित्रे' पाहण्याची परवानगी मागते. पुढे अवाच्या सवा व्याज आकारले जाते आणि हप्ता चुकताच कर्जदाराच्या नातलगांना, शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना बदनामीचे संदेश व विकृत केलेली छायाचित्रे पाठविली जातात. या छळापायी देशात अनेकांनी जीवन संपविले आहे, हे विसरता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने १ जानेवारी ते २८ फेब्रुवारी २०२१ या दोन महिन्यांत पाहणी केली, तेव्हा सुमारे १,१०० कर्जविषयक ॲप उपलब्ध असल्याचे आढळले, आणि त्यांतील सुमारे ६०० बेकायदेशीर होती. त्यानंतर २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की कर्जाच्या ॲपने ग्राहकाची संपर्कयादी, कॉलची नोंद, फाइली व छायाचित्रे यांना हात लावू नये. गुगलनेही ३१ मे २०२३ पासून कर्जाच्या ॲपना संपर्क व छायाचित्रे पाहण्यास बंदी केली. जुलै २०२५ पासून मान्यताप्राप्त संस्थांच्या कर्ज ॲपची सूची रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. तेव्हा नियम सोपा आहे. जे कर्जाचे ॲप संपर्कयादी मागते, ते नियमबाह्य आहे आणि त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नये. गरज खरी असेल तर पतपेढी, कारखान्यातील कामगार सोसायटी, बँक, अथवा विश्वासू नातलग यांच्याकडे शब्द टाकण्यात कोणताही कमीपणा नाही.

आणखी एका प्रकाराचा उल्लेख आवश्यक आहे. एनीडेस्कसारखी ॲप स्वतः बनावट नसतात. दूरच्या तंत्रज्ञास आपला पडदा दाखविण्यासाठी ती तयार झाली आहेत. परंतु 'बँकेतून बोलतो, आपली अडचण सोडवतो' असे म्हणून कोणी ते बसवावयास लावले, तर आपला पडदाच त्याच्या हाती जातो. रिझर्व्ह बँकेने याविषयी फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता.

आज घरी करावयाच्या गोष्टी

खालील कामांस वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या मोबाइलमध्ये शब्द किंचित बदलतात, पण सेटिंग्जच्या वरील शोधपट्टीत शब्द लिहिला की योग्य जागा सापडते.

१. सेटिंग्जमध्ये 'अज्ञात ॲप इन्स्टॉल करा' ही जागा शोधावी. तेथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर इत्यादींची यादी दिसेल. प्रत्येकापुढे 'अनुमती नाही' असेच असले पाहिजे.

२. प्ले स्टोअर उघडून वरील कोपऱ्यातील आपल्या चिन्हावर बोट ठेवावे व 'प्ले प्रोटेक्ट' निवडून तपासणी करावी. ही व्यवस्था सुरू ठेवावी. संदेश व ॲक्सेसिबिलिटीचे अधिकार मागणारी बाहेरील ॲप बसण्याआधीच रोखण्याचा प्रयोग गुगलने २०२४ पासून भारतातही हाती घेतला आहे. म्हणूनच चोर फोनवर 'आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा' असे सांगतात. असे सांगणारा माणूस चोर आहे, याहून वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

३. सेटिंग्जमधील 'ॲक्सेसिबिलिटी', 'डिव्हाइस ॲडमिन ॲप' आणि 'मुख्य एसएमएस ॲप' या तीन जागा पाहाव्यात. अनोळखी नाव आढळल्यास त्याचा अधिकार काढून घ्यावा व मग ते ॲप काढून टाकावे.

४. मोबाइलमधील सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. अपडेट आले असेल तर रात्री चार्जिंगला लावून ते पूर्ण होऊ द्यावे. ज्या जुन्या मोबाइलला वर्षानुवर्षे अपडेट मिळालेले नाही, त्यात बँकेचे ॲप ठेवू नये.

५. जुना मोबाइल विकत घेतल्यास वापरण्यापूर्वी 'फॅक्टरी रीसेट' करून तो कोरा करावा. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या सेवेवर मोबाइलच्या आयएमईआय क्रमांकावरून तो चोरीचा नाही ना, हे पडताळता येते. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हेही तेथे पाहता येते.

६. वापरात नसलेली ॲप काढून टाकावीत. टॉर्च, कॅल्क्युलेटर, छायाचित्र सजविणारी ॲप यांनी संदेश व संपर्क यांच्या परवानग्या घेतल्या असतील, तर त्या परत घ्याव्यात.

७. व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करावे आणि 'लिंक केलेली डिव्हाइस' या यादीत अनोळखी यंत्र नाही, याची खात्री करावी.

८. शक्य असल्यास पगाराचे खाते व रोजच्या यूपीआयचे खाते वेगळे ठेवावे. यूपीआयशी जोडलेल्या खात्यात गरजेपुरतीच रक्कम असावी, म्हणजे दुर्दैवाने काही घडले तरी संपूर्ण महिन्याची कमाई जाणार नाही.

आयफोन वापरणाऱ्यांना एपीके फाइलचा धोका नाही. परंतु खोटे दुवे, पडदा दाखविण्याची ॲप आणि फसवे फोन यांपासून तेही मुक्त नाहीत.

फसवणूक झालीच तर

येथे वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात झपाट्याने हलविली जाते. ती बाहेर पडण्याआधी गोठविता आली, तरच परत मिळण्याची आशा असते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

प्रथम, त्या मोबाइलचे इंटरनेट बंद करावे. 'एअरप्लेन मोड' सुरू करणे हा सर्वांत सोपा उपाय होय. दुसरे, घरातील वा शेजारच्या दुसऱ्या मोबाइलवरून बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून कार्ड, यूपीआय व नेटबँकिंग थांबवावे. हा क्रमांक कार्डाच्या मागील बाजूस छापलेला असतो. इंटरनेटवर तो शोधू नये, कारण तेथे खोटे क्रमांकही पेरलेले असतात. तिसरे, तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार द्यावी. तेथून संबंधित बँकांना कळविले जाते व रक्कम जेथे असेल तेथे ती रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. त्याचा पत्ता आहे : सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. चौथे, त्या फाइलची, संदेशाची व बँकेच्या नोंदींची छायाचित्रे दुसऱ्या मोबाइलने काढून ठेवावीत आणि नजीकच्या पोलीस ठाण्यात जावे. चाकण, महाळुंगे, तळेगाव हा परिसरही १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात समाविष्ट आहे.

पुरावा जपून ठेवल्यानंतरच मोबाइल 'फॅक्टरी रीसेट' करावा आणि बँक, ईमेल व व्हॉट्सॲप यांचे पासवर्ड व पिन दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून बदलावेत. आपल्या क्रमांकावरून कॉल अन्यत्र वळविले असतील, तर ##००२# हा क्रमांक लावून ते बंद करता येतात.

बँकेला लेखी कळविणेही तितकेच आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची वा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणी घडली असेल व ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. ग्राहकाने स्वतः पिन वा ओटीपी दिला असल्यास कळवीपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते, पण कळविल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणजे दोन्ही परिस्थितींत लवकर कळविण्यातच हित आहे. बँकेने ३० दिवसांत दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

एकमेकांचे रक्षक

आमच्या मते या फसवणुकीचा सर्वांत मोठा साथीदार आहे तो म्हणजे संकोच. 'मी एवढा शिकलेला, मला कसे फसवले?' किंवा 'मुले रागावतील' या विचाराने माणसे दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि तेवढ्यात पैसा हातचा निघून जातो. गप्प राहण्याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. आपल्या मोबाइलवरून तीच फाइल आपल्या नावाने इतरांकडे जात असते. आपले नाव पाहून कोणी विधवा मावशी ती उघडते आणि तिची पुंजी जाते. म्हणून फसलेल्याने दुसऱ्या मोबाइलवरून ताबडतोब सर्वांना कळविणे, ही इतरांप्रती असलेली जबाबदारी होय. ऐकणाऱ्यांनीही त्याला दोष देऊ नये. दोष चोराचा आहे.

आपल्या धर्मग्रामांत, वाडी-वस्तीच्या मंडळांत, युवक व महिला संघटनांत व्हॉट्सॲपचे गट आहेत. मिस्साच्या वेळा, अंत्यविधीची वार्ता, रक्ताची निकड, सारे त्यांतूनच कळते. या गटांवरील विश्वास हीच त्यांची शक्ती आहे आणि चोरांना हवी असते तीही तीच. गटप्रमुखांनी एक साधा नियम करावा : गटात कोणतीही एपीके फाइल आली, तर ती लगेच काढून टाकावी, पाठविणाऱ्याला फोन करून कळवावे, आणि त्याचा मोबाइल स्वच्छ होईपर्यंत त्याला गटातून तात्पुरते वगळावे. त्यात अपमान मानू नये. धर्मगुरूंच्या किंवा धर्मभगिनींच्या नावाने पैशांची मागणी आली, तरी त्यांना प्रत्यक्ष फोन केल्याखेरीज एक रुपयाही पाठवू नये.

शेवटी आमची एक विनंती. येत्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपल्या युवकांनी दहा मिनिटे थांबावे आणि आजी-आजोबांच्या मोबाइलमध्ये वरील पहिल्या तीन गोष्टी त्यांच्या देखत तपासून द्याव्यात. पिन वा पासवर्ड विचारू नये, त्याची गरजही पडत नाही. 'अज्ञात ॲप'ची यादी उघडून दाखवावी आणि एवढेच सांगावे : 'आजी, पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागत नाही. मोबाइलने तसे विचारले, तर नको म्हणा आणि मला फोन करा.' आपला क्रमांकही एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा, आणि फोन आला की तो उचलावा.